कारभाऱ्याचा शिक्का

१९३० सालच्या डिसेंबर महिन्यात इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका मोठ्या घराच्या तळघरात खोदणाऱ्या मजुरांना एक लाकडी पेटी लागली. उत्खननाचे प्रमुख होते इटलीचे ख्यातनाम पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी. पेटीत कापडात गुंडाळून नीट रचलेली चांदीची भांडी निघाली. पेले, सुरया, ताटल्या, ओगराळी आणि एक आरसा, असे मिळून ११८ नग. काही पेल्यांवर हर्क्युलिसचे पराक्रम इतक्या नाजूकपणे कोरलेले आहेत की, ते घडवणाऱ्या सोनाराला हात जोडावेत. सोबत सोन्याचे दागिने होते, नाणी होती. साडेअठराशे वर्षं ही पेटी व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली जिथल्या तिथे होती. आज ती चांदी नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

त्याच घरात एक लहानसा ब्राँझचा शिक्काही सापडला. माझं मन चांदीपेक्षा त्या शिक्क्यात अडकलं आहे. घराच्या मागच्या अंगाला, जिथे कारभाऱ्याचं बिऱ्हाड होतं, तिथे तो मिळाला. त्यावर नाव आहे क्विंटुस पोपेउस एरोस. रोमन रिवाज असा होता की, गुलामाला मुक्त केलं की तो धन्याचं नाव आणि कूळ आपल्या नावापुढे लावायचा. म्हणजे हा एरोस एकेकाळी पोपेउस घराण्यातल्या कुणा क्विंटुसचा गुलाम, पुढे मुक्त झालेला. कारभाऱ्याच्या त्याच बिऱ्हाडात एका खोलीत खाटेवर एका पुरुषाचा सांगाडा होता, जवळ नाण्यांची थैली होती आणि त्याच्या सोबतीला एका लहान मुलीचा सांगाडा. हा पुरुष म्हणजेच एरोस, असं मायुरींनी मानलं.

पुढे मी त्याची गोष्ट सांगणार आहे. त्यातलं घर, भिंतीवरची चित्रं, पेटी, डोंगर आणि मरण हे सगळं खरं आहे. माणसांचं बोलणं-वागणं माझ्या मनातलं आहे.

या घराला आता ‘मिनँडरचं घर’ म्हणतात. मागच्या बागेभोवतीच्या ओवरीत एका कोनाड्यात मिनँडर हा ग्रीक नाटककार हातात ग्रंथाची गुंडाळी घेऊन बसलेला रंगवला आहे, त्यावरून हे नाव पडलं. घराचा पसारा सुमारे १,८०० चौरस मीटर. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात दिंडीतून आत गेलं की वर आभाळ दिसणारा चौक लागतो, तसाच इथेही लागतो. छपराच्या मधल्या उघड्या जागेतून पाऊस खालच्या हौदात पडायचा. चौकाच्या पलीकडे धन्याची बैठक आणि तिच्याही पलीकडे खांबांच्या ओवरीनं वेढलेली बाग. दारात उभ्या राहणाऱ्याची नजर थेट बागेच्या टोकापर्यंत जावी म्हणून ओवरीचे खांब नेमके त्या रेषेत एकमेकांपासून मुद्दाम जरा लांब उभे केले आहेत. श्रीमंती दारातूनच दिसली पाहिजे, हा त्यामागचा हेतू. मागे स्वतंत्र न्हाणीघर होतं, त्यात गरम पाण्याची खोली होती. बागेच्या कडेला पॉम्पेईतल्या सर्वांत मोठ्या भोजनगृहांपैकी एक होतं. ओवरीच्या एका कोपऱ्यात पूर्वजांच्या छोट्या मूर्ती मांडल्या होत्या. त्या मूर्ती केव्हाच नष्ट झाल्या. राखेत उरलेल्या त्यांच्या पोकळ्यांत मायुरींनी प्लास्टर ओतून त्यांचे आकार परत मिळवले.

या सगळ्याच्या मागे, वेगळ्या दरवाजाचा, कारभाऱ्याचा भाग. तिथे भिंतीला टांगलेले कोयते, कुदळी, शेतीची इतर अवजारं. पलीकडे अंगणात पागा आणि एक दुचाकी गाडी. या गाडीचेही अवशेष सापडले आहेत. वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

धन्याच्या चौकाला लागूनच, आत शिरल्यावर डाव्या हाताला, एक उघडी खोली आहे. रोज सकाळी धन्याला मुजरा करायला येणारी माणसं दाराबाहेरच्या दगडी बाकांवर आपली पाळी येईपर्यंत बसायची, मग चौकात यायची. त्यांची नजर या खोलीकडे जाणार हे ठरलेलं. तिच्या भिंतींवर तीन चित्रं आहेत आणि तिन्ही ट्रॉय नगरीच्या अंतकाळाची. एकात लाओकून हा पुजारी आणि त्याची मुलं सापांच्या विळख्यात मरताना दिसतात. ग्रीकांनी सोडून दिलेला लाकडी घोडा नगरात घेऊ नका, असं त्याने बजावलं होतं. दुसऱ्यात तो घोडा ओढून आत आणला जातो आहे आणि राजकन्या कॅसँड्रा जिवाच्या आकांतानं अडवते आहे. तिसऱ्यात ट्रॉय पडलेलं आहे, सैनिक कॅसँड्राला देवीच्या मूर्तीपासून फरफटत ओढतो आहे आणि म्हातारा राजा प्रायम ते पाहतो आहे. कॅसँड्राला भविष्य दिसायचं, पण तिच्या शब्दावर कुणीही विश्वास ठेवणार नाही, असा तिला अपोलो देवाचा शाप होता.

आता गोष्ट.

एरोस त्या घरात मोठा झाला. लहानपणी तो दिवे पुसायचा, मग कोठीवर आला, अंक शिकला, हिशेब शिकला. त्याच्या हातून कधी तेलाचा एक घडा कमी भरला नाही. धन्याला त्याचं हेच आवडलं आणि एके दिवशी धन्यानं त्याला मुक्त केलं. नवं नाव मिळालं, नावाचा शिक्का मिळाला आणि घराच्या किल्ल्या मिळाल्या. एरोसला तिन्हींचा अभिमान होता, पण किल्ल्यांचा सर्वांत जास्त. रात्री झोपतानाही तो त्या उशाशी ठेवायचा. बायको बाळंतपणात गेली होती. एक मुलगी होती.

मुलगी घरभर हिंडायची. धनी बाहेरगावी असला की ती चौकातही यायची आणि त्या डाव्या हाताच्या खोलीत चित्रांसमोर बसून राहायची.

“बाबा, ही बाई का ओरडतेय?”

“ती कॅसँड्रा. राजाची मुलगी. पुढं काय होणार ते तिला दिसायचं.”

“मग तिनं सांगितलं नाही का?”

“सांगितलं गं. घसा फुटेपर्यंत सांगितलं. कुणी ऐकलं नाही.”

“आणि हे आजोबा?”

“त्यांनीही सांगितलं होतं. त्यांना साप चावले, तेव्हा लोक म्हणाले, देवाला त्यांचं बोलणं आवडलं नाही.”

मुलगी बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दोघांनी सांगून कुणी ऐकलं नाही, हे चित्र आपल्या घरात कशाला काढलंय?”

एरोसला उत्तर सुचलं नाही. त्या खोलीचे रंग कुठून आले, रंगाऱ्याला किती मजुरी दिली, गिलावा किती दिवस वाळवला, हे तो झोपेतही सांगू शकला असता. चित्र कशाला काढलंय, असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. “धन्यांना शोभा आवडते,” एवढं बोलून तो कोठीकडे गेला.

संकटाची चित्रं शोभेला लावण्याच्या बाबतीत हे घर वेगळं नव्हतं. इसवी सन ६२ मध्ये पॉम्पेईला मोठा भूकंप झाला होता. देवळं पडली, घरांना तडे गेले, नळ फुटले. त्याच शहरात लुसियुस सिसिलियुस युकुंडुस नावाचा एक सावकार होता. त्याच्या देवघराला संगमरवराचे उठावाचे पट्टे बसवले होते आणि त्यांवर तो भूकंपच कोरलेला होता, कलंडणारं ज्युपिटरचं देऊळ, हलणारी वेस. देवघरात कोरून लावला म्हणजे भूकंप पूजेचा भाग झाला आणि रोजच्या दिव्याउदबत्तीत डोळ्यांना सवयीचा होऊन गेला. पॉम्पेईचे लोक मूर्ख नव्हते. जगाच्या चारी दिशांशी त्यांचा व्यवहार होता. याच शहरात, मिनँडरचं घर आहे त्याच विभागात, १९३८ साली मायुरींनाच एका घरात भारतातून गेलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती निघाली, त्यामुळे ती आपल्याच मुलखातून तिकडे गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. इतक्या दूरची वस्तू पारखून आणणारी ती माणसं होती. नजर त्यांची तीक्ष्ण होती. जे रोज समोर दिसतं त्याकडे मात्र ती पुन्हा वळत नव्हती.

इसवी सन ७९. भूकंपाला १७ वर्षं होऊन गेली तरी घराची डागडुजी चालूच होती. त्या वर्षी पुन्हा काम निघालं. धनी कुटुंबासह दुसरीकडे राहायला गेला. गवंडी आले, चुन्याचे ढीग पडले. जेवणाची चांदी अशा गर्दीत वर ठेवणं धोक्याचं म्हणून एरोसनं ती न्हाणीघराखालच्या तळघरात हलवायचं ठरवलं. प्रत्येक पेला त्याने स्वतःच्या हातानं कापडात गुंडाळला. मुलगी शेजारी बसून मोजत होती. पेटीला कुलूप लागलं, तेव्हा त्याने दोनदा ओढून पाहिलं.

त्या दिवसांत जमीन हलायची. भांडी किणकिणायची, चुन्याच्या घमेल्यातलं पाणी थरथरायचं, मग सगळं शांत व्हायचं. उद्रेक झाला तेव्हा खाडीपलीकडे मिसेनममध्ये असलेल्या रोमन लेखक धाकट्या प्लिनीनं नंतर एका पत्रात हेच लिहून ठेवलं आहे. आधीचे कित्येक दिवस धक्के बसत होते, पण कांपानियात, म्हणजे पॉम्पेईच्या मुलखात, ते नेहमीचंच असल्यामुळे कुणी घाबरलं नाही.

घाबरली ती एकच. स्वयंपाकघरातली म्हातारी. ६२ च्या भूकंपात ती चुलीपाशी होती आणि तिचा एक मुलगा भिंतीखाली गेला होता. ती एरोसकडे आली.

“कारभारी, जमिनीचा हा आवाज मी ओळखते. चार दिवस पोरांना घेऊन नुकेरियाला जाऊ द्या. तिथे माझ्या बहिणीची माणसं आहेत.”

“गवंड्यांना जेवायला कोण घालील?”

“मी सगळं करून ठेवते.”

“धन्यांचा निरोप आल्याशिवाय या घरातला एकही माणूस उंबरा ओलांडणार नाही,” एरोस म्हणाला. तो कठोर नव्हता. हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि त्या वाक्याप्रमाणे वागूनच तो मुक्त झाला होता.

म्हातारी गेल्यावर मात्र त्याला चैन पडेना. मेणाच्या पाटीवर त्याने धन्याला लिहिलं की, जमीन हलते आहे, पूर्वेकडच्या भिंतीला नवा तडा गेला आहे, घर काही दिवस रिकामं करावं का? त्यावर आपला शिक्का उठवला आणि माणूस धाडला.

उत्तर तीन ओळींचं आलं. तडा बुजवून घे. गवंड्यांना आगाऊ पैसे देऊ नकोस. चांदी खाली नेलीस का, ते कळव.

एरोसनं उत्तर लिहिलं. चांदी खाली नेली आहे. पेटीला कुलूप आहे. किल्ली माझ्यापाशी आहे.

त्या रात्री मुलीनं पुन्हा विचारलं, “आजी सांगतेय, जाऊ या. आजी पण कॅसँड्रासारखी आहे का?”

“आजीला वयामुळे भीती वाटते.”

“तू ऐकलं तर तिचा शाप जाईल, बाबा.”

एरोस हसला आणि त्याने तिच्या अंगावर पांघरूण घातलं. हा क्षण मी मनाने रचलेला आहे, पण मला तो खराच वाटतो. जगात असं कितीदा झालं असेल की, घरातल्या सर्वांत लहान माणसाला गोष्टीचा अर्थ पुरता कळला आणि मोठ्यांनी तो गोड बोल म्हणून पुढे ढकलला!

मग तो दिवस उजाडला. दुपारी डोंगर फुटला. व्हेसुव्हियसच्या माथ्यावरून राखेचा आणि दगडांचा प्रचंड खांब आभाळात चढला आणि वर जाऊन पाइन झाडासारखा पसरला. हे वर्णनही प्लिनीचंच. वारा पॉम्पेईच्या दिशेने होता. थोड्याच वेळात शहरावर हलके, सच्छिद्र दगड पडायला लागले, गारांसारखे. त्यांनी माणूस लगेच मरत नव्हता. डोक्याला उशी बांधून लोक बाहेर पडत होते. हे पहिले काही तास, हीच काय ती वेळ होती.

म्हातारी पुन्हा आली. या वेळी तिने काही विचारलं नाही. स्वयंपाकघरातली तिन्ही पोरं तिच्यासोबत होती, प्रत्येकाच्या डोक्यावर उशी बांधलेली. चौथी उशी तिच्या हातात होती.

“कारभारी, पोरीला माझ्याबरोबर द्या.”

एरोसनं मुलीकडे पाहिलं, मग अंगणाकडे. गाडी तिथेच होती. तो पाऊल उचलणार, तेवढ्यात त्याच्या मनात आलं की, गाडी निघतेच आहे, तर पेटी का नेऊ नये? पेटी एकट्याला उचलणारी नव्हती. त्याने गवंड्यांना हाका मारल्या. गवंडी केव्हाच गेले होते. पागेतला गडी येईना. पेटी राहू दे म्हणावं, तर किल्ल्या कुणाच्या हाती द्यायच्या? उद्या धनी येईल आणि विचारील, तेव्हा त्याच्यासमोर उभं कसं राहायचं? चाळीस वर्षांत ज्याच्या हिशेबात एक नाणं चुकलं नाही, त्याला त्या घटकेला फक्त हाच हिशेब सुचत होता.

“थोडा वेळ थांब,” तो म्हातारीला म्हणाला. “हे थांबेल. मग सगळे मिळून जाऊ.”

म्हातारीनं मुलीसमोर हात धरला. मुलीनं बापाचा अंगरखा घट्ट पकडला. म्हातारीनं उशी तिथेच ठेवली आणि पोरांना घेऊन बाहेर पडली. परवानगीशिवाय उंबरा ओलांडण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

दगड थांबले नाहीत. दुपारीच रात्र झाली. चौकाच्या उघड्या छपरातून दगडांचा ढीग साचत गेला, हौद भरला, बाग दिसेनाशी झाली. छपरं वाकू लागली, मग कोसळू लागली. शहरावर एका दिवसात दोन मीटरहून जाड थर बसला. अंगणातली गाडी चाकांपर्यंत बुडाली, मग पुरीच बुडाली. एरोस मुलीला घेऊन आपल्या खोलीत आला, कारण तिचं छप्पर अजून शाबूत होतं. दार लावलं. थोड्या वेळानं ते उघडायला गेला तर उघडेना. नाण्यांची थैली त्याच्याजवळ होती. किल्ल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरून तापलेल्या राखेचे आणि वायूंचे लोट धावत आले आणि शहरात जे कुणी उरले होते ते सगळे गेले.

घराच्या दुसऱ्या भागात आणखी काही सांगाडे एकत्र सापडले, सोबत कंदील आणि कुदळ. ती घरातलीच माणसं बाहेर पडायला वाट शोधत होती, की नंतर कुणी द्रव्याच्या आशेनं खणत आत शिरलं आणि गुदमरलं, यावर विद्वानांमध्ये दोन मतं आहेत. कुठलंही खरं असो, पेटी त्यांच्या पायांच्या पातळीखाली तळघरातच होती आणि त्यांच्यापैकी कुणाच्या हाताला ती लागली नाही.

एरोसला मी दोषी धरत नाही. ज्याला आयुष्यभर एकाच गुणासाठी शाबासकी मिळाली, तो संकटात त्याच गुणाला धरून राहणार. त्याला कागदावर मुक्त केलं गेलं, पण किल्ल्यांच्या जुडग्यासकट. दोष धरायचाच तर मी त्या तीन ओळींच्या उत्तराला धरीन. जे संकटापासून दूर आहेत, त्यांनी जे संकटाच्या तोंडाशी उभे आहेत त्यांच्याकडे मालाची चौकशी करावी आणि माणसांची करू नये, हा अन्याय त्या पत्रात आहे. ते पत्र मी कल्पिलेलं असलं, तरी तसली पत्रं प्रत्येक काळात लिहिली गेली आहेत. तरी एका गोष्टीसाठी मला एरोसवर रागवावंसं वाटतं. चौथी उशी समोर होती. पेटीचा भार त्याच्यावर होता हे खरं, पण मुलीचा भारही त्याच्यावरच होता आणि तो भार उचलायला त्याला गवंड्यांची गरज नव्हती.

तेव्हा निघून जाणं अशक्य होतं, असं कुणी समजू नये. पॉम्पेईत राहणारी माणसं दहा हजारांहून जास्त असावीत. आजवरच्या खोदकामात सुमारे तेराशे मृतांचे अवशेष मिळाले आहेत, आणि शहराचा साधारण तिसरा हिस्सा अजून खणायचा आहे. सगळं धरूनही दिसतं ते हे की, बहुतेक लोक पहिल्या तासांतच हातातलं काम टाकून बाहेर पडले होते. त्यांतले सगळे वाचले नसतील, पण शहराबाहेर पडण्याची संधी त्यांनी घेतली. त्यांच्यात राजेलोक नव्हते, पंडित नव्हते. स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या असतील, उशा बांधलेली पोरं असतील.

धन्याचं काय झालं? घर पोपेउस घराण्याचं, सम्राट नीरोची बायको पोपेया सबिना हिच्या नातलगांचं असावं, असा तर्क आहे. तो तर्कही उभा आहे तो याच मुक्त गुलामाच्या शिक्क्यावर. भिंतींवर धन्याचं नाव नाही, पूर्वजांच्या मूर्तींवर नाही, चांदीनंही ते सांगितलं नाही. नाव टिकवलं ते मागच्या दारानं येणाऱ्या-जाणाऱ्या माणसानं.

व्हेसुव्हियस शेवटचा भडकला तो मार्च १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना. तेव्हापासून तो शांत आहे. त्याच्या पायथ्याशी, ज्याला तिथलं सरकार ‘लाल पट्टा’ म्हणतं त्या भागात, आज सहा लाखांहून अधिक माणसं राहतात. डोंगराच्या हालचालींवर शास्त्रज्ञ रात्रंदिवस यंत्रांनी नजर ठेवून आहेत. धोका दिसला तर ७२ तासांत हा सगळा पट्टा रिकामा करायचा आणि प्रत्येक गावानं कुठल्या प्रांतात जायचं, हेही आधीच ठरलेलं आहे. ही योजना शाळेच्या आणि नगरपालिकेच्या भिंतीवर लावून भागणार नाही. तिथल्या प्रत्येक बापानं ती घरी आणावी, लहान मुलांसमोर मोठ्यानं वाचावी आणि मुलांनी काही विचारलं तर उत्तर मिळेपर्यंत जागचं उठू नये.